एकाच इंजिनाच्या दोन गाड्या, बुद्ध सर्किटवर

एसयूव्ही आणि सेडान यांची ट्रॅकवरची तुलना बहुतेक वेळा सुरुवातीलाच फसते. इंजिने वेगळी असतात, गिअरबॉक्स वेगळे असतात, त्यामुळे शेवटी जो फरक दिसतो तो नेमका कशाचा, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. बीएमडब्ल्यूच्या एक्स३ एम४०आय आणि एम३४०आय या जोडीत ही अडचण नाही. दोन्हींत २,९९८ सीसीचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले एकाच घराण्याचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे, आठ गिअरचा, झेडएफ या जर्मन कंपनीचाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि चारही चाकांना ताकद पोचवणारी एक्सड्राइव्ह यंत्रणाही तीच आहे. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, दोन्हींचा ५०० न्यूटन मीटर. सेडानची ताकद ३७४ अश्वशक्ती, एसयूव्हीची ३६०. शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग गाठायला कंपनीच्या आकड्यांप्रमाणे सेडानला ४.४ सेकंद लागतात आणि एसयूव्हीला ४.९. कमाल वेग दोन्हींचा इलेक्ट्रॉनिक मर्यादेने २५० वर अडवलेला आहे.

मापे पाहिली तर हे साम्य आणखी वाढते. लांबी दोन्हींची ४.७ मीटरच्या आसपास आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, सेडानचा २,८५१ मिलिमीटर आणि एसयूव्हीचा २,८६४, म्हणजे जेमतेम बोटभर फरक. वेगळे आहे ते उंचीचे आणि वजनाचे गणित. सेडान सुमारे १.४४ मीटर उंच आहे, एसयूव्ही सुमारे १.६८ मीटर, आणि वजनात दीडशे किलोच्या आसपास फरक पडतो. त्यामुळे या दोन गाड्या एकाच सर्किटवर, एकाच दिवशी, रस्त्यावरच्याच टायरांवर चालवल्या, तर उंची आणि वजन यांची किंमत ट्रॅकवर किती मोजावी लागते, या प्रश्नाचे पुष्कळसे स्वच्छ उत्तर मिळू शकते.

सेडान माझी आहे, ठाण्याची, एमएच-०४ पासिंगची. एसयूव्ही नेरूळला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांची, एमएच-४३ पासिंगची. दोन्ही गाड्या कार कॅरिअरवर चढवून उत्तरेला, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर पाठवल्या आणि खासगी मालकांसाठी सर्किट भाड्याने घेतलेल्या दिवशी आम्ही दोघांनी आलटून पालटून दोन्ही चालवल्या. लॅपच्या, म्हणजे सर्किटच्या एकेका पूर्ण फेरीच्या, वेळा मी येथे देत नाही. हौशी चालकाच्या हातून निघालेली वेळ गाडीपेक्षा त्या चालकाविषयीच जास्त सांगते, आणि ती छापून एखाद्या गाडीवर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही.

एवढ्या लांब जाण्याची गरज काय, असा प्रश्न घरातही झाला. त्याचे उत्तर आपल्या रस्त्यांत आहे. अटल सेतू २१.८ किलोमीटर लांब आणि गुळगुळीत आहे, पण तेथे कारला १०० ची मर्यादा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही सपाटीला तेवढीच मर्यादा आहे आणि घाटात ती आणखी खाली येते. पाम बीच रस्त्यावर रात्री उशिरा गाड्या पळवणारे लोक आहेत. त्यांनी तेथे स्वतःचे आणि दुसऱ्यांचे काय करून ठेवले आहे, हे नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. साडेचार सेकंदांत शंभरी गाठणाऱ्या गाडीचा खरा स्वभाव सार्वजनिक रस्त्यावर तपासता येत नाही आणि तपासूही नये. घोडबंदर रोडवर या दोन्ही गाड्या सारख्याच थोर वाटतात, कारण तेथे दोन्हींच्या क्षमतेचा एक छोटा कोपरासुद्धा वापरला जात नाही.

ग्रेटर नोएडाचे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट ५.१२५ किलोमीटरचे आहे आणि त्यात १६ वळणे आहेत. हर्मान टिल्के यांनी त्याची आखणी केली. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत तेथे फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. आमच्या तुलनेसाठी या सर्किटाचा मोठा गुण असा, की त्यात सर्व प्रकारची परीक्षा आहे. तिसऱ्या वळणाकडे चढ आहे आणि तेथून बाहेर पडल्यावर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा मिळतो. त्याच्या टोकाला चौथ्या वळणासाठी जोरदार ब्रेक लावावा लागतो. मधल्या भागात डावी-उजवी वळणे एकामागून एक येतात, आणि त्यानंतर एक लांबलचक, बाहेरून आत उतरता कल असलेले उजवे वळण येते, ज्यात गाडी बराच वेळ एकाच बाजूवर झुकलेली राहते.

सरळ पट्ट्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. सेडान पुढे असते, हवेचा विरोध तिला कमी असल्यामुळे वेग जसा वाढतो तसे अंतरही थोडे वाढत जाते, पण एसयूव्ही काही मागे पडून दिसेनाशी होत नाही. इंजिनाचा आवाज, वरच्या फेऱ्यांपर्यंत न थकता चढत जाण्याची त्याची पद्धत आणि गिअरबॉक्सची चपळाई यांचा आनंद दोन्हींत सारखाच आहे. जो मनुष्य केवळ सरळ पट्ट्यावर गाड्या पाहील त्याला वाटेल, की उंच गाडी घेतल्याने काही बिघडत नाही.

बिघडायला सुरुवात ब्रेकपाशी होते. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्कला उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. २०० च्या वेगावरून ८० वर येताना केवळ त्या जास्तीच्या दीडशे किलोंसाठी सुमारे १ लाख ९४ हजार ज्यूल इतकी उष्णता अधिक निर्माण होते. अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला आणायला एवढी ऊर्जा पुरते. हे एका वळणाचे झाले. लॅपमध्ये असे जोरदार ब्रेक अनेकदा लागतात आणि दोन ब्रेकांच्या मध्ये डिस्क थंड व्हायला वेळ थोडाच असतो. रस्त्यासाठी बनवलेले पॅड आणि रस्त्यासाठीचे ब्रेक फ्लुइड कोणत्याही गाडीत असोत, त्यांना उष्णतेची एक मर्यादा असते. फ्लुइड उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल मऊ पडते, कारण द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते. ती वेळ येऊ नये म्हणून आम्ही एसयूव्हीला सेडानपेक्षा लवकर हळू चालीच्या थंड लॅपवर आणत होतो. म्हणजे एकाच पेट्रोलच्या टाकीत आणि एकाच शुल्कात उंच गाडीला जोरात चालवण्याचे लॅप कमी मिळतात. लॅपची वेळ कोष्टकात लिहिली जाते, ही गोष्ट लिहिली जात नाही, पण ट्रॅकवर पैसे भरून गेलेल्या माणसासाठी तीच जास्त महत्त्वाची आहे.

ब्रेक लावताना दुसरीही एक गोष्ट घडते. गाडीचा भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर येतो. ब्रेकचा जोर सारखाच असेल, तर किती येतो, हे वजन आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला व्हीलबेसने भागून ठरते. येथे व्हीलबेस जवळपास सारखाच असल्यामुळे उरतात त्या दोन गोष्टी, वजन आणि उंची, आणि दोन्ही एसयूव्हीच्या विरोधात आहेत. आता टायरचा एक नियम लक्षात घ्यावा लागतो. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा कमी वाढते. त्यामुळे चार टायरांवर भार जितका समान वाटलेला असेल तितकी एकूण पकड जास्त, आणि भार जितका एका टोकाला किंवा एका बाजूला ढकलला जाईल तितकी ती कमी. उंच गाडी प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक वळणाला हा भार जास्त ढकलते, आणि म्हणून टायर तितकेच चांगले असले तरी त्यांच्याकडून तितकेच काम निघत नाही. रुंद टायर लावून, स्प्रिंग कडक करून ही तूट काही अंशी भरून काढता येते, पण तिचे मूळ कारण जागच्या जागी राहते.

हे सगळे पुस्तकी वाटेल, पण मधल्या डाव्या-उजव्या वळणांत ते थेट हातांना कळते. सेडानमध्ये डाव्या वळणातून बाहेर पडताना स्टीअरिंग उजवीकडे वळवले की गाडी एका हालचालीत बाजू बदलते, टायरवर भार बसतो, आणि पुढच्या वळणाच्या आतल्या कडेकडे, ज्याला एपेक्स म्हणतात, नजर लागलेली असतानाच गाडी तेथे पोचू लागते. एसयूव्हीमध्ये तेच स्टीअरिंग तितकेच वळवले तर आधी गाडीचे शरीर डाव्या वळणातल्या झुकावातून सरळ होते, मग उजव्या वळणासाठी दुसऱ्या बाजूला झुकते, मग बाहेरच्या टायरवर भार बसतो, आणि त्यानंतर गाडी दिशा घेते. हा सगळा प्रकार क्षणभराचा आहे, पण तो क्षण चालकाला थांबून काढावा लागतो. जो थांबत नाही आणि आधीच जास्त स्टीअरिंग देतो, त्याची पुढची चाके वळणाबाहेर घसरू लागतात, म्हणजे अंडरस्टीअर होते, आणि स्थिरता सांभाळणारी यंत्रणा इंजिनाची ताकद कापते. यंत्रणेने तसे करणे बरोबरच आहे. उंच गाडीत तिने जास्त सावध असावे, हेच शहाणपणाचे. मात्र चालकाला त्या वळणातून काय शिकायचे होते, ते त्या कपातीखाली झाकले जाते.

माझ्या मते दोन्ही गाड्यांमधला सर्वांत मोठा फरक येथेच आहे, आणि तो वेळेचा नसून समजण्याचा आहे. सेडानमध्ये चूक झाली तर ती कोणती झाली हे लगेच समजते. ब्रेक उशिरा सोडला, तर पुढचा भाग वळायला कुरकुर करतो. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, लवकर दिला, तर गाडीचा मागचा भाग हलकेच बाहेर सरकून सांगतो, कारण ही एक्सड्राइव्ह यंत्रणा मागच्या चाकांकडे झुकणारी आहे. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये दुसरे काही येत नाही, म्हणून पुढच्या लॅपमध्ये दुरुस्ती करता येते. एसयूव्हीमध्ये कारण आणि परिणाम यांच्यामध्ये झुकाव येतो, भाराची ढकलाढकल येते, इलेक्ट्रॉनिक मदत येते, आणि गाडी बाहेर का गेली, हे ठरवता येत नाही. आमच्यापैकी मेहुणे तसे शांत आणि नेमके चालक आहेत. दिवसाच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या गाडीविषयी जे सांगितले ते मला फार अचूक वाटले. ते म्हणाले, “ही गाडी मला घाबरवत नाही, पण काय चाललंय ते सांगतही नाही.”

एम३४०आयचेही सगळेच कौतुक करता येणार नाही. तिचे स्टीअरिंग चपळ आहे, पण पुढच्या टायरखाली पकड किती उरली आहे, हे ते हाताला मोकळेपणाने कळवत नाही. ते ज्ञान बैठकीतून आणि गाडीच्या कलावरून घ्यावे लागते. शिवाय स्पोर्ट सेडान म्हटली तरी ही पावणेदोन टनांच्या घरातली गाडी आहे, आणि सलग लॅप मारताना हे वजन पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडांवर दिसू लागते. ज्याला निव्वळ ट्रॅकसाठीच गाडी हवी आहे, त्याने यापेक्षा हलकी आणि साधी गाडी शोधावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु रोज ऑफिसला नेता येईल आणि वर्षातून काही वेळा सर्किटवर नेता येईल, अशी एकच गाडी ठेवायची असेल, तर या किमतीच्या आसपास तिला तोड कमीच सापडते. ही गाडी कंपनीच्या चेन्नई येथील कारखान्यात जोडली जाते, ही बाब किमतीतही दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये सुधारित एम३४०आय आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ६९.२० लाख रुपये होती, तर मे २०२३ मध्ये आलेली एक्स३ एम४०आय ८६.५० लाखांना होती. म्हणजे ट्रॅकवर जिच्यात कमी शिकायला मिळते, तिच्यासाठी १७ लाख रुपये जास्त.

लांब, कललेल्या उजव्या वळणात मात्र एसयूव्हीने मला खरोखर प्रभावित केले. तेथे एकदाच झुकायचे असते, बाजू बदलायची नसते, आणि एकदा झुकून स्थिर झाल्यावर ती गाडी आपल्या उंचीच्या मानाने फार विश्वासाने वळण धरून राहते. ट्रॅकचा कलही मदतीला येतो. चढ असलेल्या तिसऱ्या वळणातून बाहेर पडतानाही चारही चाकांची ताकद तिला उत्तम खेचून नेते, आणि तेथे ट्रॅकचे तोंड मुद्दाम रुंद ठेवलेले असल्यामुळे सावकाश आत शिरून लवकर थ्रॉटल देण्याची रेषा सहज सापडते. एसयूव्ही चालवण्याची योग्य पद्धत हीच आहे. वळणात शिरताना हव्यास सोडायचा आणि बाहेर पडताना इंजिनाकडून वसूल करायचे.

हा निष्कर्ष या दोनच गाड्यांपुरता नाही. अल्फा रोमिओने २.९ लिटरचे, ५१० अश्वशक्तीचे एकच व्ही६ इंजिन ज्युलिया क्वाड्रिफोलिओ या सेडानमध्ये आणि स्टेल्व्हिओ क्वाड्रिफोलिओ या एसयूव्हीमध्ये बसवले. जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या वीस किलोमीटरहून लांब ट्रॅकवर सेडानने २०१६ मध्ये ७ मिनिटे ३२ सेकंदांची वेळ दिली आणि एसयूव्हीने २०१७ मध्ये ७ मिनिटे ५१.७ सेकंदांची. इंजिन तेच असताना जवळपास वीस सेकंदांचा फरक पडला, आणि त्या एसयूव्हीची वेळ तिच्या वर्गात तेव्हा विक्रमी मानली गेली. पुढे ऑडीच्या आरएस क्यू८ या एसयूव्हीने २०२४ मध्ये ७ मिनिटे ३६.६९८ सेकंदांत तो ट्रॅक पूर्ण केला. मधल्या काळात मोजणीचे अधिकृत अंतर थोडे वाढवून २०.८३२ किलोमीटर केले गेले होते, हे जमेस धरले तर ती आठ वर्षांपूर्वीच्या त्या सेडानच्या बरोबरीला आली, असे म्हणता येईल. पण त्यासाठी तिला ६४० अश्वशक्ती आणि झुकाव रोखणारी विजेवर चालणारी यंत्रणा लागली. उंची आणि वजन यांच्यावर पैशाने आणि तंत्राने मात करता येते, यात शंका नाही. ती मात किती महाग पडते, हे या आकड्यांतून कळते.

आता घरच्या रस्त्यांकडे येतो, कारण गाडी वर्षातले बहुतेक दिवस तेथेच असते. एक्स३च्या तळाची जमिनीपासूनची उंची २०४ मिलिमीटर आहे आणि पावसाळ्यात माजिवड्यापासून गायमुखपर्यंत त्यातला प्रत्येक मिलिमीटर उपयोगी पडतो. सेडान मी खड्डे पाहत, वेग उतरवत, सोसायटीच्या उंच गतिरोधकावर तिरकी चढवत नेतो. मेहुणे त्याच रस्त्यावरून बोलत बोलत सरळ जातात. त्याहून मोठे कारण म्हणजे ताईच्या सासूबाईंचे गुडघे. त्यांना सेडानमध्ये वाकून खाली बसणे आणि तेथून पुन्हा उठणे जमत नाही, आणि एक्स३ची बैठक त्यांना खुर्चीइतकी सोयीची पडते. ज्या घरात वडीलधारी माणसे रोज गाडीत बसतात, त्या घराने एम३४०आय घ्यावी असे मी सुचवणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की एक्स३ एम४०आय घेताना ती वेगवान कौटुंबिक गाडी म्हणून घ्यावी. ट्रॅकसाठीही तीच चालेल, या समजुतीने ते जास्तीचे पैसे मोजू नयेत. आता एक्स३ची नवी पिढी भारतात आलेली असल्यामुळे एम४०आय वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातच शोधावी लागते. तशी घेताना ब्रेकच्या डिस्कची कडा आणि टायरांची झीज नीट पाहावी.

ज्यांना आपली गाडी सर्किटवर न्यायची आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी, मग ती गाडी उंच असो वा बुटकी. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत, वेगचाचणी अशा वापराला संरक्षण नसते, त्यामुळे ट्रॅकवर झालेले नुकसान स्वतःच्या खिशातून भरण्याची तयारी ठेवूनच जावे आणि पॉलिसीतले ‘वापराच्या मर्यादा’ हे कलम आधी वाचावे. जाण्यापूर्वी ब्रेक फ्लुइड बदलून घ्यावे, कारण ते हवेतला ओलावा शोषते आणि जुने झाले की कमी तापमानाला उकळते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ही गोष्ट विसरून चालणार नाही. टायर तापले की आतल्या हवेचा दाब वाढतो, म्हणून तो काही लॅपनंतर पुन्हा मोजून कमी करावा आणि परतीच्या प्रवासाआधी थंड टायरमध्ये नेहमीइतका भरावा. शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश काढावा, आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात, गाडी उभी केल्यावर पार्किंग ब्रेक लावू नये. ऑटोमॅटिक गिअर पार्कमध्ये टाकून चाकाला अडवणारा ठोकळा लावावा, म्हणजे तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून राहत नाहीत. एक्स३सारखी जड गाडी नेणार असाल, तर शक्य असेल तेव्हा उन्हाळा टाळून थंडीतली तारीख घ्यावी.